समाजशास्त्रात पीएचडी करायची आहे, पैशांची सोय कशी लावायची?

रानजाई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज लिहायची वेळ आली.

एम.ए. समाजशास्त्र झालंय. नेट (प्राध्यापकपदाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) निघाली आहे, पण त्याच परीक्षेतून मिळणारी जेआरएफ, म्हणजे संशोधनाची केंद्रीय फेलोशिप, थोडक्यात हुकली. सध्या लातूरजवळच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे मानधन कधी हातात पडेल ते कुणालाच सांगता येत नाही. पीएचडीचा विषय पक्का आहे: आईबाप ऊसतोडीला गेल्यावर गावात आजीजवळ मागे राहणाऱ्या मुली. हंगामी वसतिगृहं आहेत, तरी मुली तिथे का टिकत नाहीत, शाळा कितवीत सुटते, लग्नाचं कोण ठरवतं, असं सगळं. आमच्या भागात हे रोज डोळ्यांसमोर असतं, त्यामुळे विषय कुठून आणू हा प्रश्न नाही. प्रश्न पैशांचा आहे. घरी कोरडवाहू शेती, धाकटा भाऊ इंजिनिअरिंगला. वडील म्हणतात, "शीक, नको कोण म्हणतंय? पण घरातून आता काही निघणार नाही."

वय २८. आधी ॲडमिशन घ्यावी की आधी फेलोशिप शोधावी? जेआरएफ नसेल तर खरंच काही मिळतं का? आणि परदेशाचा विचार माझ्यासारखीने करावा, की ते पुण्या-मुंबईच्या मुलांनीच करायचं?

तिरकसराव

पीएचडी करून काय दिवे लावणार, हे २०२३ च्या हिवाळी अधिवेशनात नागपुरात विचारून झालंय, त्यामुळे मी ते परत विचारत नाही. हिशेब मात्र विचारतो. पाच वर्षं धरा, २८ चे ३३. तोवर तुमच्या वर्गातली एखादी तलाठी होऊन कायमसुद्धा झालेली असेल. प्राध्यापकभरती कधी निघेल याचा पत्ता नाही, आणि निघाली तर अनुदानित कॉलेजात काय 'लागतं' ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे. फेलोशिप असेल तर निदान पाच वर्षं महिन्याला काहीतरी हातात आलं म्हणता येईल. नसेल तर करू नका. पदरमोड करून पीएचडी हा पैसेवाल्यांचा छंद आहे.

मेघमल्हार

तिरकसरावांचं शेवटचं वाक्य मान्य, बाकीचं सोडून द्या.

ताई, मी सध्या जेआरएफवर आहे, त्यामुळे जे रोज बघतो तेवढं सांगतो. पहिली गोष्ट, जेआरएफचा नाद इतक्यात सोडू नका. वयाची अट ३० आहे, पण महिलांना आणि आरक्षित प्रवर्गांना ५ वर्षांची सवलत आहे, म्हणजे तुम्हाला ३५ पर्यंत वाव आहे. परीक्षा वर्षातून दोनदा होते. १ जानेवारी २०२३ पासून रक्कम पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर एसआरएफ (त्याच फेलोशिपचा वरचा टप्पा) म्हणून ४२,०००, एकूण पाच वर्षं. वर घरभाडं शहराच्या वर्गाप्रमाणे, हॉस्टेलला राहिलात तर ते नाही. कंटिन्जन्सी, म्हणजे आकस्मिक खर्चाचे पैसे, आपल्या शास्त्रांना पहिली दोन वर्षं वर्षाला १०,०००, पुढे २०,५००. इतर कुठल्याही देशी योजनेत ही रक्कम आणि हा कालावधी एकत्र मिळणं अवघड.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो: जेआरएफ, असिस्टंट प्रोफेसर आणि फक्त पीएचडी प्रवेश. खालच्या दोन गटांत असाल तर प्रवेशाला नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन आहे, पण प्रवेशासाठी ते गुण एकच वर्ष चालतात. तुमची नेट कधीची आहे ते बघा. शिकवण्यासाठी प्रमाणपत्र जन्मभर चालतं, प्रवेशासाठी ते गुण चालत नाहीत. त्या गोंधळात कितीतरी जणांचं वर्ष वाया गेलंय.

आधी ॲडमिशन की आधी फेलोशिप, याला सरसकट उत्तर नाही. जेआरएफचं पत्र तीन वर्षं चालतं, म्हणजे आधी फेलोशिप, मग ॲडमिशन असं करता येतं. बाकी जवळजवळ सगळीकडे नोंदणी आधी लागते. म्हणून विद्यापीठ निवडतानाच पैशांचा निम्मा निर्णय होऊन जातो. 'घराजवळचं विद्यापीठ घेऊ, पैशांचं नंतर बघू' असं केलंत तर नंतर फक्त बघतच राहावं लागतं.

अण्णा_सोलापूरकर

मेघमल्हार यांनी अगदी वर्मावर बोट ठेवलं. मी आता निवृत्त आहे, पण गाईड म्हणून बरीच मुलं पाहिली, त्या बळावर चार शब्द.

रानजाई, तुम्ही लातूरच्या, म्हणजे सहज विचार नांदेडच्या विद्यापीठाचा होणार. करू नका असं म्हणत नाही. पण राज्य विद्यापीठात प्रवेशाबरोबर आपोआप चालू होणारं विद्यावेतन सहसा नसतं. केंद्रीय विद्यापीठात जेआरएफ नसलेल्यांना निदान नॉन-नेट फेलोशिप असते, महिना ८,०००. रक्कम हास्यास्पद आहे. २०१५ च्या ऑक्टोबरात तीही बंद करायला निघाले होते, तेव्हा दिल्लीत मुलं विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) दारात ठाण मांडून बसली, म्हणून वाचली. पण ८,००० आणि हॉस्टेल आणि मेस आणि चांगलं ग्रंथालय यांची बेरीज करा. हैदराबाद तुम्हाला पुण्यापेक्षा जवळ पडेल. तिथल्या केंद्रीय विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग चांगला आहे.

पवईच्या आयआयटीतही मानव्य आणि सामाजिक शास्त्रांचा विभाग आहे, समाजशास्त्रात पीएचडी होते. टीएशिप (शिकवण्यात मदत करण्याच्या बदल्यात विद्यावेतन) मिळाली तर ती संस्थेच्या दराने, म्हणजे जेआरएफइतकीच. ग्रामीण भागातल्या मुली आयआयटी म्हटलं की 'ते इंजिनिअर लोकांचं' म्हणून जाहिरातच वाचत नाहीत. वाचा. गोरेगावच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतही विद्यावेतन आहे, पण तिथे अर्थशास्त्र आणि गणिताचा जोर, तुमच्या विषयाला ती जागा नव्हे.

गाईड निवडताना आणखी एक विचारून घ्या: हातातल्या मुलांपैकी किती जण फेलोशिपवर आहेत? ज्या गाईडने कंटिन्जन्सीच्या बिलांवर कधी सही केलेली नाही, त्यांच्याकडे तुम्हालाच ऑफिस शिकवावं लागेल.

तिरकसराव

८,००० मध्ये हैदराबादला बिर्याणीसुद्धा महिनाभर पुरणार नाही, अण्णा.

अण्णा_सोलापूरकर

मेसचं जेवण पुरतं, राव. बिर्याणी एसआरएफ झाल्यावर.

निळी_शाई

रानजाई, तुमचा प्रवर्ग कोणता ते सांगितलं नाहीत. संकोच नको, कारण निम्मी उत्तरं त्यावरच बदलतात.

रानजाई

ओबीसी. नॉन-क्रिमीलेअर काढलेलं आहे, मुदत बघावी लागेल.

निळी_शाई

मग दोन दारं. एक केंद्राचं, नॅशनल फेलोशिप फॉर ओबीसी. वर्षाला १,००० जागा, दर जेआरएफचेच. वेगळी परीक्षा नाही, नेटच्या गुणांवरूनच निवड. पण नेटचा फॉर्म भरताना त्यात 'हो' म्हणावं लागतं, नाहीतर गुण असूनही नाव विचारात येत नाही. सायबर कॅफेवाला फॉर्म भरत असेल तर शेजारी बसून तो रकाना स्वतः बघा. (अनुसूचित जातींसाठी अशीच एनएफएससी, २,००० जागा. जमातींसाठी ७५० जागांची वेगळी योजना. अल्पसंख्याकांची मौलाना आझाद फेलोशिप होती, ती २०२२-२३ पासून बंद केली.)

दुसरं दार राज्याचं. आपल्याकडे समाजगटांनुसार संस्था आहेत: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, आदिवासींसाठी टीआरटीआय आणि ओबीसी-भटक्या विमुक्तांसाठी नागपूरची महाज्योती. तुमची महाज्योती. पीएचडीची फेलोशिप यूजीसीच्या धर्तीवर आहे, म्हणजे कागदावर झकास. पण या योजनांचा भूतकाळ माहीत असू द्या. आधी बहुतेक पात्र मुलांना मिळायची, मग ऑक्टोबर २०२३ मध्ये बार्टी, सारथी, महाज्योतीला प्रत्येकी २०० ची मर्यादा घातली. २४ डिसेंबरच्या चाळणी परीक्षेत सेटच्या (राज्याच्या प्राध्यापक पात्रता परीक्षेच्या) जुन्या प्रश्नपत्रिकेतले प्रश्न जसेच्या तसे आले, १० जानेवारी २०२४ ला फेरपरीक्षा, तिथेही बहिष्कार. २०२२ ला नोंदणी केलेली मुलं तोवर मुंबई-पुण्यात उपोषणं करून थकली होती. त्यानंतर त्यांना निम्मी द्यायची की पूर्ण, यावर आणखी आंदोलनं.

सांगायचा मुद्दा, महाज्योतीची जाहिरात आली की जरूर भरा, पण तिच्या भरवशावर घरभाड्याचा करार करू नका.

मेघमल्हार

निळी_शाई +१. आणि या योजना बहुतेक वेळा नोंदणी झालेल्यांनाच असतात, तेव्हा नोंदणीपत्रावरची तारीख सोन्याच्या मोलाची. आरआरसी (विषय मंजूर करणारी विद्यापीठाची समिती) कधी झाली, पत्र कधी मिळालं, फी कधी भरली, या तिन्ही तारखा वेगळ्या असतात आणि प्रत्येक योजना वेगळी धरते. तिन्हींचे कागद जपून ठेवा.

इतर नावं ऐकाल, ती झटकून टाका: पीएम रिसर्च फेलोशिपचे ७०,००० आपल्या शास्त्रांसाठी नाहीत. सावित्रीबाई जोतीराव फुले फेलोशिप एकुलत्या एक मुलीला, तुम्हाला भाऊ आहे.

कोयनाकाठ

सगळे फेलोशिपच्याच मागे का? मी ज्युनियर कॉलेजला नोकरी करून पार्ट-टाइम पीएचडी करतेय. २०२२ च्या नियमावलीत पार्ट-टाइमला रीतसर परवानगी आहे, नोकरीच्या ठिकाणची एनओसी लागते. मुदत सहा वर्षं, बायकांना आणखी दोन. घर चालतं, कुणापुढे हात पसरावा लागत नाही.

अण्णा_सोलापूरकर

ताई, तुमचं कौतुकच आहे. पण तुमची नोकरी पक्की आहे. रानजाई तासिका तत्त्वावर आहेत. तासिकेच्या मानधनावर पार्ट-टाइम पीएचडी म्हणजे ना नोकरी ना संशोधन. शिवाय पार्ट-टाइमवाल्याला यातली एकही फेलोशिप लागू होत नाही. आणि त्यांचा विषय असा आहे की माणूस नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत गावात हवा. नेमकी तेव्हाच तुमची सत्र परीक्षा, पेपर तपासणी, निवडणुकीची ड्यूटी.

कोयनाकाठ

निवडणुकीच्या ड्यूटीबद्दल बोलू नका, जखम ताजी आहे. मुद्दा मान्य. तरी एक सांगते, फेलोशिपवाल्या मैत्रिणींना मीच दोनदा उसने दिलेत.

मेघमल्हार

ते उसने का लागतात ते सांगतो, कारण हे कुठल्याच जाहिरातीत नसतं.

जेआरएफ मंजूर झाली म्हणजे पैसे सुरू झाले असं नाही. विद्यापीठात रुजू होऊन जॉइनिंग रिपोर्ट, गाईड आणि विभागप्रमुखांच्या सह्या, मग तो पोर्टलवर चढवायचा. पोर्टलवर विद्यापीठाची दोन माणसं असतात, एक 'मेकर' आणि एक 'चेकर'. मेकरने तुमची दर महिन्याची नोंद करायची, चेकरने ती मंजूर करायची, मग दिल्लीहून थेट खात्यात. मेकर रजेवर गेला, बदली झाली, त्याचा पासवर्ड नव्या माणसाकडे आलाच नाही, की तुमचा महिना लटकला. वर काही बिघडलेलं नसतं, अडलेलं असतं ते तुमच्या कॅम्पसवरच्या एका टेबलावर. म्हणून पहिल्याच आठवड्यात ते टेबल शोधायचं, त्या बाईंचं नाव लक्षात ठेवायचं, आणि महिनाअखेरीला आपली नोंद झाली का ते स्वतः विचारायचं. दोन वर्षांनी एसआरएफ होताना समिती बसते, तिचा अहवाल वेळेत गेला नाही तर जुन्याच दराने किंवा काहीच नाही, असं होतं. फरक नंतर मिळतो. पण मेसवाल्याला 'फरक' सांगून चालत नाही.

किमान सहा महिने स्वतःच्या पैशांवर निघतील एवढी तजवीज असल्याशिवाय कुठल्याही फेलोशिपवर रुजू होऊ नका. हा माझा अनुभव नाही, आमच्या अख्ख्या हॉस्टेलचा आहे.

तिरकसराव

म्हणजे ऊसतोड कामगाराला आधी उचल आणि मग काम. तुम्हाला आधी काम आणि मग उचल. मुकादम बरा म्हणायचा.

रानजाई

😀 हे वाक्य थिसिसमध्ये घालता येत नाही याचं वाईट वाटतंय. (आणि उचल फेडता फेडता पुढचा हंगाम बांधला जातो, तेव्हा मुकादम बरा अजिबात नाही.)

आयसीएसएसआरबद्दल कुणी लिहिलं नाही. ती मिळते का?

अण्णा_सोलापूरकर

मिळते, आणि तुमच्या विषयाला ती साजेशी आहे. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, १९६९ ची. पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ आणि सदस्य-सचिव जे. पी. नाईक, म्हणजे पायाभरणीतच दोन मराठी माणसं. नाईक तर कोल्हापूरकडचे. आज आपल्याच मुलांना ती माहीत नसते, याचा मला जरा रागच आहे.

डॉक्टरल फेलोशिप महिना २०,०००, वर्षाला २०,००० आकस्मिक खर्च, दोन वर्षं. जेआरएफपेक्षा कमी, पण ती सामाजिक शास्त्रांसाठीच आहे. तिथे स्पर्धा तुमच्याच जातकुळीच्या लोकांशी, आणि निवडीत प्रस्तावाला खरंच वजन असतं. नोंदणी झालेली हवी आणि दुसरी फेलोशिप चालू नको. कोर्सवर्क (सुरुवातीचा अभ्यासक्रम) उरकून सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) पक्की झाली की अर्ज करायचा. परिषदेचं पश्चिम विभागीय केंद्र मुंबईत कलिना कॅम्पसवर आहे, इमारतीला नाईकांचंच नाव.

प्रस्ताव लिहिताना एक पथ्य पाळा. 'ऊसतोड कामगारांच्या समस्या: एक अभ्यास' असलं शीर्षक घेऊन गेलात तर परीक्षक दुसरं पान उघडत नाही. तुमच्या पहिल्या पोस्टमधलं 'वसतिगृह आहे, तरी मुली तिथे का टिकत नाहीत' हे वाक्य प्रश्न म्हणून उभं राहतं. तिथून सुरुवात करा. किती गावं, ती गावं का, हंगामाच्या आधी, मधे आणि नंतर कधी जाणार, एसटीचं भाडं, मुक्काम, ध्वनिमुद्रण उतरवून घ्यायचा खर्च, सगळं मांडा. खर्चाचा तक्ता प्रामाणिक असला की बाई फील्डवर गेलेली आहे हे कळतं.

हिमवाट

परदेशाच्या प्रश्नाला मी उत्तर देतो. अमेरिकेत मिडवेस्टमध्ये समाजशास्त्रात पीएचडी करतोय, मूळचा धुळ्याचा. तेव्हा पुण्या-मुंबईचंच असतं असं नाही.

इथला सगळ्यात मोठा फरक असा की चांगल्या विद्यापीठांत पीएचडीला वेगळी स्कॉलरशिप शोधत बसावं लागत नाही. प्रवेश मिळाला की फी माफ, स्टायपेंड आणि आरोग्यविमा, साधारण पाच वर्षं. बदल्यात आठवड्याला २० तासांपर्यंत टीएगिरी. स्टायपेंडशिवाय प्रवेश देणारं पत्र आलं तर ते नकारपत्र समजा. कर्ज काढून सामाजिक शास्त्रात अमेरिकन पीएचडी करू नका, कुणीही, कधीही. अर्ज डिसेंबरच्या आसपास. प्रत्येक अर्जाला फी, ती माफ करून मागता येते, मागा. लाजू नका.

वाईट बातमीही सांगतो. वारे फिरलेत. बोस्टन विद्यापीठाने २०२५-२६ साठी समाजशास्त्र, मानवशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास धरून डझनभर विषयांत पीएचडीचे नवे प्रवेशच थांबवले. इतर ठिकाणीही जागा आकसल्यात. जर्मनी, नेदरलँड्स, नॉर्वेकडे बघा. तिथे पीएचडी म्हणजे बऱ्याचदा नोकरी असते, जाहिरात निघते, पगार मिळतो. पण विषय बहुधा त्यांच्या प्रकल्पाचा असतो, तुमच्या मुली त्यात बसतीलच असं नाही.

तुमच्या जागी मी असतो तर भारतातच नोंदणी करून मधे काही महिने बाहेर आलो असतो. फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल रिसर्च फेलोशिप त्यासाठीच आहे: भारतात पीएचडी करणाऱ्यांना सहा ते नऊ महिने अमेरिकेत. इंग्लंडसाठी चार्ल्स वॉलेस ट्रस्टची छोटी मदत असते. आणि तुमचं काम मानवशास्त्राच्या अंगाने जाणारं असेल तर वेनर-ग्रेन फाउंडेशनचं फील्डवर्क अनुदान बघा, २५,००० डॉलरपर्यंत, राष्ट्रीयत्वाची अट नाही. बीड-लातूरच्या फील्डला ती रक्कम म्हणजे राजेशाही.

निळी_शाई

सरकारी परदेश शिष्यवृत्त्यांबद्दल राहिलं. राज्याची अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, ओबीसींसाठी बहुजन कल्याण विभागाची वेगळी. दोन्ही जागतिक क्रमवारीतल्या वरच्या विद्यापीठांपुरत्या.

केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपचं मात्र मनात सलतं. २०२२ च्या नियमांत त्यांनी भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताशी निगडित सामाजिक अभ्यासाचे विषय वगळले. आता बघा, बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियाला गेले ते सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परतल्यावर बडोदा संस्थानची नोकरी करायचा करार. तिथे मे १९१६ मध्ये त्यांनी परिसंवादात निबंध वाचला तो भारतातल्या जातींवर. आजच्या नियमाखाली त्या विषयावर पीएचडी करतो म्हणाले असते तर अर्ज छाननीतच बाद. महाराजांनी विषय विचारून पैसे थांबवले नाहीत.

तिरकसराव

हे मात्र खरं. यावर तिरकस काही सुचत नाही.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. वाचून जे ठरलं ते असं: येत्या नेटला पुन्हा बसते, ओबीसी फेलोशिपच्या रकान्यात 'हो' करून. गुण ताजे असतील तेवढ्यात हैदराबाद आणि पवई, दोन्हीकडे अर्ज. नांदेड तिसरं. नोंदणी झाली की महाज्योतीची जाहिरात आली तर ती, नाहीतर सिनॉप्सिस पक्की करून आयसीएसएसआर. परदेश आता नाही, फुलब्राइटचं नंतर.

एकच अडचण. फील्डवर्कचा पहिला हंगाम बहुतेक पैसे सुरू व्हायच्या आधी येईल. तो सोडायचा का?

अण्णा_सोलापूरकर

सोडू नका. कोर्सवर्कच्या वर्षात मोठं फील्डवर्क तसंही करू देत नाहीत. दिवाळीनंतर गाड्या भरून निघतात ते चार दिवस आणि हंगाम संपून माणसं परततात ते चार दिवस, एवढंच स्वतःच्या गावात बघा, आजीबरोबर राहिलेल्या दोन-तीन घरांत जा, टिपणं काढा. खर्च शून्य. प्रस्तावात 'प्राथमिक पाहणी' म्हणून तेच कामाला येईल. मात्र मुली अल्पवयीन आहेत, तेव्हा विद्यापीठाच्या नीतिविषयक समितीची परवानगी मिळेपर्यंत मुलाखती नकोत. घरच्या मोठ्यांशी बोला, वसतिगृहाच्या अधीक्षकांशी बोला.

मेघमल्हार

आणि नॉन-क्रिमीलेअरची मुदत आजच बघा. नवं काढायला तहसीलला लागणारा वेळ नेटच्या फॉर्मची तारीख बघून थांबत नाही. जुनं संपत आलं असेल तर आधी ते, मग अभ्यास.

रानजाई

बघितलं. ३१ मार्चला संपतंय. उद्या सेतू केंद्रात जाते.